एक माईक, पाच वाजवणारे आणि मी

साउंडवाल्याची आठवण लोकांना कार्यक्रमात एकदाच येते, माईक शिट्टी मारतो तेव्हा. दोनशे माना एकदम मागे वळतात आणि कोपऱ्यात मिक्सरवर बसलेला माणूस पहिल्यांदाच सगळ्यांना दिसतो. बाकीचे तीन तास सगळं नीट पार पडलं, तर लोक घरी जाताना म्हणतात, बाई काय सुरेख गायली! मी अठ्ठावीस वर्षं शारजा आणि दुबईत हे काम केलं. बाई सुरेख गायली हे ऐकत मी अठ्ठावीस वर्षं केबल गुंडाळली.

धंदा तसा समजायला सोपा. माईक ऐकतो, स्पीकर तेच मोठ्यानं सांगतो. स्पीकरचं बोलणं फिरून माईकच्या कानात गेलं, की दोघं एकमेकांवर ओरडायला लागतात. तीच ती शिट्टी. ती येऊ न देणं आणि कोणाचा आवाज किती मोठा जावा हे ठरवणं, एवढंच आमचं काम. पण हे दुसरं काम वाटतं तेवढं साधं नाही. कोणाला ऐकू जावं आणि कोणाला नाही, हे एका माणसाच्या बोटावर असतं, आणि त्या माणसाकडे कोणी बघत नसतं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. शारजातल्या एका लग्नात नवऱ्यामुलाचे आजोबा माझा हात धरून मला गच्चीच्या कठड्यापाशी घेऊन गेले आणि समोरच्या बिल्डिंगकडे बोट दाखवून म्हणाले, "दोन स्पीकर तिकडे तोंड करून लावा." तिथं त्यांचा चुलतभाऊ राहायचा. त्याला आमंत्रण नव्हतं. एका कंपनीचे मोठे साहेब दर वर्षी माईक पोटापाशी धरून भाषण करायचे आणि मग सगळ्यांसमोर विचारायचे, "नझीर, व्हॉट इज युअर प्रॉब्लेम?" आणि आपल्या मराठी मंडळींच्या दिवाळी पहाटेला एक बाई हळूच माझ्याजवळ आल्या, जवळच्या मैत्रिणीचं नाव घेतलं आणि म्हणाल्या, "तिचा माईक जरासा कमी ठेवाल का? तिला स्वतःला कळत नाही, पण ती फार वर जाते."

मी त्या बाईंना हो म्हटलं आणि काहीच केलं नाही. घरी येऊन बायकोला, रुकय्याला, हा किस्सा रंगवून सांगितला. दोघं पोट धरून हसलो. पुढं मी स्वतः जे केलं, ते त्या बाईंच्या मागणीपेक्षा वाईट होतं.

त्याआधी थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं. मी रत्नागिरीचा, मिरकरवाड्यातला. सतराव्या वर्षापासून बेंजो वाजवायचो. आपल्याकडचा बेंजो म्हणजे लांबट लाकडी खोकं, वर टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या. हळदीला, वरातीला, उरुसाला आमची पार्टी जायची. माझ्या बेंजोवर म्हातारे नाचलेत. बाविसाव्या वर्षी व्हिसा आला, तेव्हा अब्बा म्हणाले, "तिकडे हे कोण ऐकणार?" म्हणून बेंजो घरीच ठेवला आणि इलेक्ट्रिशियन म्हणून आलो. वायरी जोडता जोडता साउंडमध्ये शिरलो. म्हटलं, वाजवायला नाही तर नाही, वाजवणाऱ्यांच्या जवळ तरी राहता येईल.

ती चूक होती. ज्याला वाजवायचं असतं, त्यानं वाजवणाऱ्यांसमोर रोज रात्री तीन तास बसू नये. मी प्रत्येकावर जळलो. तबल्यावर, गिटारवर, लग्नात कीबोर्डवर एका बोटानं वाजवणाऱ्या पोरांवरसुद्धा. पण ते परके लोक होते. कार्यक्रम संपला की खलास, जळणंही संपायचं.

काही वर्षांपूर्वी हॅना नावाच्या बाईचा फोन आला. अमेरिकेची, शारजातल्या एका शाळेत संगीत शिकवायची. म्हणाली, आमचा लहानसा बँड आहे. आमच्याकडच्या डोंगरातलं जुनं संगीत वाजवतो, वीज लागणारं एकही वाद्य नाही. फिडल म्हणजे व्हायोलिन, मँडोलिन, गिटार, माणसाएवढा उभा बेस आणि बँजो.

शेवटचा शब्द ऐकला आणि मी फोनवरच म्हणालो, "मॅडम, आय ऑल्सो प्ले बँजो!"

ती खूश झाली. कार्यक्रमाच्या दिवशी मी माईकच्या पेट्या उतरवतो न उतरवतो, तोच तिनं वॉल्टर नावाच्या त्यांच्या म्हाताऱ्या वादकाला हाक मारली आणि त्याचं वाद्य माझ्या मांडीवर ठेवलं. डफाच्या तोंडाला सतारीसारखा दांडा जोडलाय असं काहीतरी. मी बटणं शोधली. उलटं करून मागे बघितलं. पाचही जण हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत होते. शेवटी मी ते परत दिलं आणि म्हणालो, "डिफरंट बँजो." ते हसले. चांगल्या मनानंच हसले. पण ते हसणं मी घरी घेऊन आलो.

दुसरा धक्का माईकचा. मी दहा माईक नेले होते. हॅना म्हणाली, एक पुरे. एकाच माईकभोवती पाचही जण अर्धगोल करून उभे राहिले. ज्याची पाळी असेल तो एक पाऊल पुढे येतो, बाकीचे मागे सरतात. त्याचं झालं की तो मागे, दुसरा पुढे. कोणाचा आवाज किती जावा, हे त्यांची पावलं ठरवत होती. बत्तीस चॅनेलचा मिक्सर चालवणारा मी एका बटणावर बोट ठेवून बसलो होतो आणि त्या बोटालाही काम नव्हतं. संगीत मात्र असं की पाय हलायचे थांबेनात. घोडा दुडक्या चालीनं निघावा तसा तो बँजो, वर फिडल मांजरासारखी अंग घासत जायची. मला ते आवडलं आणि आवडलं याचा रागही आला.

तरी मी त्यांची कामं घेत राहिलो. वर्षभरात त्यांच्या बेसची पाठ उकलली. इथल्या एसीत लाकूड सुकतं, बाहेरच्या दमट हवेत फुगतं, आणि सांधे सुटतात. हॅनानं विचारलं, कोणी सुतार माहीत आहे? मी म्हटलं, आहे.

रघुनाथ मेस्त्री. कुडाळकडचा, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. शारजाच्या औद्योगिक भागात फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये फोरमन. अजमानला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये, ते दुसऱ्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या. त्याची बायको सुनंदा आणि रुकय्या यांच्यात डबे वर-खाली चालायचे. त्याची मुलगी प्राची इथंच जन्मलेली, कॉलेजात जाणारी. बारा-तेरा वर्षांचा शेजार. मीच रघूला माझ्या व्हॅनमध्ये घालून हॅनाकडे नेलं. हे मी लिहून ठेवतो, कारण पुढं कित्येक महिने मी स्वतःला हेच ऐकवत होतो.

रघूनं बेस असा सांधला की भेग शोधून सापडेना. मग वॉल्टरनं आपला बँजो काढला. त्याचा दांडा सैल झाला होता. तोही रघूनं बसवला. नीट बसला की नाही बघायला वॉल्टरनं त्याला एक ठोका शिकवला. नखानं वरून खाली मारायचं, आणि मग अंगठ्यानं कडेची आखूड तार छेडायची. रघू तो ठोका मारत बसला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. वॉल्टर आधी हसत होता, मग हसायचा थांबला. म्हणाला, "हे मनगट कुठून आणलंस?"

रघू लाजून म्हणाला, "गावच्या भजनात झांज वाजवायचो."

झांज! मी मनात म्हटलं, झांज तर आमच्या पार्टीत सामान उचलणाराही वाजवायचा.

पुढं त्यांच्या बेसवाल्याची बदली झाली. वॉल्टरचा अंगठा सांधेदुखीनं गेला होता, त्यानं बेस घेतला आणि बँजो रघूला दिला. दीड वर्ष रघू वर्कशॉपमधून येऊन रोज तासभर बसायचा. खालून तो आवाज वर यायचा. सुरुवातीला अडखळत यायचा तेव्हा मला गाढ झोप लागायची. पुढं अडखळणं थांबलं आणि मी खिडकी बंद करायला लागलो.

"एवढ्या उकाड्यात खिडकी काय लावता?" रुकय्या म्हणाली.

"आवाज येतो."

"तुमच्या पोटात दुखतंय," ती म्हणाली. "खाली जाऊन त्याला सांगा तरी, छान वाजवतोस म्हणून."

मी गेलो नाही.

मग तो कार्यक्रम ठरला. बर दुबईला खाडीजवळच्या एका जुन्या घरातली मोठी खोली, साठ खुर्च्या. मगरिबची नमाज झाल्यावर सुरुवात. रघूचा पहिला कार्यक्रम. दोन्ही भागांत एकेका ठिकाणी तो एकटा पुढे येऊन वाजवणार होता. सुनंदा लहान मुलांच्या नर्सरीत नोकरीला, तिला सुटी मिळाली नाही म्हणून ती येऊ शकली नाही, पण प्राची मोबाइलवर व्हिडिओ काढायला येणार होती. तिनं बापाला आजवर लाकडाच्या भुशानं माखलेलाच बघितला होता.

संध्याकाळी बाकीच्या चौघांनी माईक तपासून घेतला. प्रत्येकानं पुढे कुठपर्यंत यायचं, तिथं मी जमिनीवर पिवळी चिकटपट्टी लावली. तो शनिवार होता, शनिवारी वर्कशॉप चालू, त्यामुळे रघू उशिरा येणार होता. हॅना म्हणाली, "त्याची जागा तूच ठरव, नझीर. तुला कळतं."

मला कळत होतं. रघूचा हात हलका. त्याला माईकपासून हातभर अंतरावर उभं करायला हवं होतं. हेही कळत होतं की तो नवखा आहे, घाबरलेला असणार, जमिनीकडे बघेल आणि पट्टीवरच थांबेल. आणि त्या माईकला समोरचं नीट ऐकू येतं, बाजूचं जवळजवळ नाही. मी पट्टी दोन पावलं मागे आणि पार बाजूला लावली. लावून झाल्यावर वर बघितलं. कोणाचं लक्ष नव्हतं.

रघू धावत आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस ओले. "नझीरभाई, कुठे उभा राहू?" मी पट्टी दाखवली. त्यानं मान डोलावली. माझ्यावर त्याचा एवढा विश्वास होता की दुसरा प्रश्नही विचारला नाही.

पहिल्या भागात त्याची पाळी आली. बाकीचे मागे सरले, रघू बरोब्बर पट्टीवर जाऊन थांबला आणि वाजवायला लागला. त्याची बोटं दिसत होती. आवाज पहिल्या रांगेपर्यंत कसाबसा जात असेल. तिसऱ्या रांगेत प्राची मोबाइल धरून पुढे झुकली, मग आणखी झुकली. मागच्या लोकांत कुजबुज सुरू झाली. गाणं थांबलंय असं वाटून कोणीतरी मध्येच टाळ्या वाजवल्या. हॅनानं घाईघाईनं फिडल पुढे आणली आणि सांभाळून घेतलं. मी बटणावर बोट ठेवून बसलो होतो. खोटं कशाला लिहू, पहिलं अर्धं मिनिट मला गार वाटलं.

मध्यंतरात प्राची सरळ माझ्याकडे आली. "काका, इज इट द स्पीकर? आय कुडन्ट हिअर बाबा ॲट ऑल. ही प्रॅक्टिस्ड सो मच."

मी म्हटलं, "बघतो बेटा."

रघू मागच्या खोलीत जादा खुर्च्यांच्या ढिगाशेजारी बसला होता. खचला की तो मालवणीवर यायचा. "ह्यां माका जमूचा नाय, नझीरभाई," तो म्हणाला. "हातच उठत नाही. दुसऱ्या भागात मी जात नाही. उद्या वॉल्टरला बँजो परत देतो. पोरीचं तोंड बघितलंत? तिला वाटलं असेल, बाप नुसता उभा राहून हात हलवतोय."

एवढ्यावर गप्प बसलो असतो तर बँजो परत गेला असता. माझ्या खिडकीखालचा आवाज कायमचा बंद झाला असता. हा विचार माझ्या मनात आला, पुरता आला, आणि मला स्वतःचीच भीती वाटली.

"रघू, तुझा हात बरोबर होता," मी म्हटलं. "पट्टी चुकीची होती."

"होतं घाईत."

"घाईत नाही. मी मुद्दाम लावली."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यानं बँजो मांडीवरून उचलून शेजारच्या खुर्चीवर ठेवला, जणू आता हात मोकळे हवेत. मला वाटलं, मारतो.

"कशाला?" त्यानं विचारलं.

"मला बघवत नव्हतं."

बाहेर हॅना लोकांना परत बसायला सांगत होती.  रघूचे डोळे लाल झाले होते. मग त्यानं बँजो उचलला. "कुठे उभं राहायचं ते दाखवा," तो म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं मला नझीरभाई म्हटलं नाही.

साउंडवाला लोकांसमोर स्टेजवर जात नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. मी साठ लोकांसमोर गेलो. गुडघ्यावर बसून ती पट्टी नखानं उचकटली आणि माईकसमोर, हातभर अंतरावर लावली. हॅना बघत होती. तिनं जुन्या जागेकडे बघितलं, नव्या जागेकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या भागात रघू त्या पट्टीवर उभा राहिला. चामड्यावर नख पडलं तो टप्प आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. आधी सावकाश, मग दुडक्या चालीनं, मग असा की वॉल्टर बेस वाजवता वाजवता "येस सर!" म्हणून ओरडला. राग होता त्या हातात. तो माझ्यावरचा होता, हे खोलीत दोघांनाच माहीत होतं. प्राचीचा मोबाइल हळूहळू खाली आला. ती व्हिडिओ काढायचं विसरली होती.

इथं मी लिहायला हवं, की मला बरं वाटलं. तसं झालं नाही. तो चांगला वाजवत होता, खरोखर चांगला, आणि मी आधीपेक्षा जास्त जळत होतो. फरक एवढाच, की बोट बटणावर होतं आणि ते हललं नाही.

जाताना रघू आणि प्राची टॅक्सीनं गेले. एरवी आम्ही तिघं माझ्याच व्हॅनमधून परतलो असतो. घरी रुकय्याला सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "मला नका सांगू. सुनंदाला सांगा." सकाळी खाली गेलो. सुनंदानं दारातच ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली आणि दार लावून घेतलं. हॅनाला फोन करून सांगितलं.  ती म्हणाली, सांगितल्याबद्दल आभार. त्यानंतर त्यांच्या साउंडला दुसरा माणूस जायला लागला. बरोबरच होतं. ज्याच्या बोटावर भरवसा नाही, त्याला मिक्सरवर कोण बसवेल?

सात महिने रघू माझ्याशी बोलला नाही. लिफ्टमध्ये भेटलो तर तो मजल्याचे आकडे बघायचा. डबे बंद झाले. संध्याकाळी बँजो वाजायचा. मी खिडकी उघडी ठेवायला लागलो. शिक्षा म्हणून ठेवली असं म्हणायला आवडेल, पण ऐकायचं होतं हेही खरं.

एका गुरुवारी बेल वाजली. दारात रघू.

"वॉल्टर कायमचा जातोय परत," तो म्हणाला. "रविवारी दुपारी हॅनाच्या घरी वाजवणार आहोत. घरचेच आठ-दहा लोक. या."

"माईक कुठला आणू?"

"माईक नको. ऐकायला या."

हॅनाच्या हॉलमध्ये सोफे भिंतीला सरकवले होते. मी कोपरा शोधत होतो, तर हॅनानं बखोट धरून मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. माझ्यासमोर बटण नव्हतं, हेडफोन नव्हता. पाच जण हाताच्या अंतरावर उभे राहून वाजवत होते. लाकडाचा आवाज लाकडातून सरळ येत होता. दोन तास वाजवलं. वॉल्टर शेवटी रडला, हॅनाही. मी रघूच्या बोटांकडे बघत होतो.

संपल्यावर सगळे जेवायला वळले. रघू माझ्यापाशी आला आणि रुमालानं तारा पुसत उभा राहिला.

"कसं झालं?" त्यानं विचारलं.

 छान झालं म्हणायचं मनात होतं. तोंडातून निघालं, "दोन ठिकाणी चुकलास."

रघूनं वर बघितलं. सात महिन्यांत पहिल्यांदा तो हसला.

"तीन, नझीरभाई," तो म्हणाला.

तिसरी चूक कुठली, ते त्यानं मला अजून सांगितलेलं नाही.